चोर म्हणतेतच की, मग होऊनच दावतो

पत्र: आम्ही सोलापूरच्या पूर्व भागात राहतो. माझी थोरली बहीण घरी विड्या वळते, दाजी टॉवेलच्या यंत्रमागावर आहेत. त्यांच्या धाकट्या मुलाला आता सतरावं लागलंय. दोन वर्षांपूर्वी वयाने मोठ्या दोघांच्या नादी लागून तो मोबाईलच्या दुकानातल्या चोरीत सापडला. बाल न्याय मंडळापुढे केस चालली, समज देऊन त्याला आई-वडिलांच्या ताब्यात दिलं आणि केस संपली. गल्लीत मात्र काहीच संपलं नाही. शाळेने दहावीच्या तोंडावर 'दाखला घेऊन जा' म्हणून सांगितलं. लहानपणापासून मंडळाच्या लेझीममध्ये पुढच्या रांगेत असायचा, तिथून काढलं. कुणाची सायकल गेली तरी पहिली हाक आमच्या दारात येते. दाजी त्याच्या डोळ्यांदेखत पाकीट उशीखाली ठेवून झोपतात. सहा महिन्यांपासून तो एका 'भाऊ'च्या कट्ट्यावर बसतोय. परवा हातात कोयता घेतलेला फोटो मोबाईलवर टाकला. मी रागावले तर म्हणाला, "मावशी, चोर म्हणतेतच की, मग होऊनच दावतो." लोकांनी झिडकारल्यामुळे पोर वाईट मार्गाला लागतं हे खरं आहे, की हा त्याचा बहाणा? आणि मी काय करू? माझं तो अजून ऐकतो.
— एक मावशी, सोलापूर

ताई,

दोन्ही खरं आहे. झिडकारलेलं पोर वाईट मार्गाला लागू शकतं, आणि 'मला झिडकारलं' ही सबब पुढे बहाणा म्हणूनही वापरली जाते. तुमच्या भाच्याच्या बाबतीत आज पहिली गोष्ट जास्त दिसते. चोरीनंतर त्याने आणखी काही केल्याचं तुम्ही कुठे लिहिलेलं नाही, आणि कट्टा आला तो गेल्या सहा महिन्यांत. म्हणजे मधला सगळा काळ पोरगं सरळ वागत होतं आणि त्याची दखल कुणीच घेतली नाही. हा क्रम दाजींना मुद्दाम सांगा. त्यांच्या मनात 'चोरी केली, मग टोळीत गेला' एवढंच असणार. मधलं सरळ वागणं त्यांना कुणीतरी दाखवून द्यायला हवं.

माणसाला टाकलं की त्याच्या आत काय होतं, याचा बराच अभ्यास झालाय. 2003 सालच्या एका अमेरिकन प्रयोगात मेंदूचं स्कॅनिंग चालू असताना लोकांना कॉम्प्युटरवर चेंडू फेकाफेकीचा साधा खेळ दिला. थोड्या वेळाने बाकीच्या दोन खेळाडूंनी त्यांच्याकडे चेंडू टाकणंच बंद केलं. समोरचे अनोळखी, ना पैज ना हार-जीत, तरीही शरीराला दुखापत झाल्यावर जो त्रास होतो त्याच्याशी जोडलेला मेंदूचा भाग जागा झाला. त्याआधी 2001 मध्ये काही विद्यार्थ्यांना 'तुझ्याबरोबर काम करायला गटातलं कुणीच तयार नाही' असं खोटंच सांगून पाहिलं होतं. नंतर एका खेळात प्रतिस्पर्ध्याला कर्कश आवाजाची शिक्षा देण्याची संधी मिळाली, तेव्हा या मुलांनी ती जास्त जोरात दिली. ज्याचा त्यांना नाकारण्याशी काही संबंध नव्हता, त्यालाही. गल्लीने टाकलेलं पोरगं आईवर का खेकसतं, रस्त्यावरच्या कुत्र्याला लाथ का मारतं, याचं उत्तर यात आहे. राग ज्याच्यावर असतो त्याच्यावरच निघतो असं नाही.

याच मालिकेतला 2010 चा एक प्रयोग तुमच्या कामाचा आहे. सगळ्यांनी नाकारलेल्यांपेक्षा, निदान एकाने तरी स्वीकारलेल्यांची आक्रमकता कमी निघाली. म्हणून सगळ्या गल्लीचं मन वळवायचा भार डोक्यावर घेऊ नका. एक-दोन माणसं पुष्कळ काम करतात, आणि त्यातली एक तुम्ही आधीच आहात.

टाकलेली बहुतेक माणसं गुन्हेगार होत नाहीत, हेही ध्यानात असू द्या. बरीचशी आतल्या आत मिटतात. बोलणं कमी होतं, जेवण कमी होतं, दिवसभर झोपून राहतात. काही थोडी उलट बाजूला जातात. अमेरिकन समाजशास्त्रज्ञ एडविन लेमर्ट यांनी 1951 मध्ये पहिली चूक आणि शिक्का बसल्यानंतरची चूक यांत भेद केला तो इथे उपयोगी पडतो. पहिल्या चुकीला पन्नास कारणं असतात: संगत, हौस, भूक, मूर्खपणा. शिक्का बसल्यावर मात्र माणूस त्या नावाप्रमाणे जगायला लागतो, कारण दुसऱ्या कुठल्या नावाने त्याला कुणी हाक मारत नाही. तुमच्या भाच्याने हेच एका वाक्यात सांगितलंय.

आपल्या शहराला हे नवीन नाही. सोलापुरात तारेच्या कुंपणातली सेटलमेंट होती, म्हणजे कायद्यानेच गुन्हेगार ठरवलेल्या जमातींना कोंडून ठेवायची वस्ती. ते नाव आजही लोकांच्या तोंडी आहे. इंग्रजांनी 1871 मध्ये गुन्हेगार जमाती कायदा केला आणि पुढे तो मुंबई इलाख्यातही आणला. त्या कायद्यात ठराविक जमातींत जन्मलेलं मूलही जन्मापासून संशयित ठरायचं. हजेरी द्यायची, परवानगीशिवाय बाहेर जायचं नाही, आणि कामाला गिरणीत जायचं. 31 ऑगस्ट 1952 ला तो कायदा रद्द झाला, लोक विमुक्त झाले. तरी कुठे चोरी झाली की संशय त्याच वस्त्यांवर जायची सवय सुटायला पिढ्या लागल्या, आणि ती अजून पुरती सुटलेली नाही. त्याच वस्त्यांतून शिक्षक, वकील आणि लेखकही पुढे आले. जन्माने चोर ठरवलेल्यांची ही गोष्ट असेल, तर एका चोरीवरून जन्माचा चोर ठरवलेल्या पोराबद्दल आशा सोडायचं काही कारण नाही.

आता कट्ट्याकडे येऊ. झिडकारल्यावर पोराच्या आयुष्यातल्या जागा एकेक करून रिकाम्या होतात. लेझीमची रांग गेली, वर्गातला बाक गेला, घरातला भरवसा गेला. या रिकाम्या जागा हेरणारी माणसं प्रत्येक शहरात असतात. 'भाऊ' त्याला काय देतो त्याचा एकदा हिशोब मांडा: बसायला जागा, रात्री बिर्याणी, फिरवायला गाडी, चारचौघांत नावाने हाक, आणि मागचं काही न विचारणं. यातली सगळ्यात महाग वस्तू शेवटची आहे. म्हणून 'तिकडे जाऊ नको' एवढंच म्हणत राहिलात तर हाती काही लागणार नाही. यातलं जे जे घरून, कामातून, मंडळातून देता येईल ते आधी द्यायचं, कट्टा त्यानंतर सुटतो.

सुरुवात पाकिटापासून करा. दाजींना समजवायला जाल तेव्हा 'पोरावर विश्वास ठेवा' असं म्हणू नका, ते त्यांना जमणार नाही आणि जमल्याचं सोंग पोराला लगेच कळेल. एवढंच सांगा की पैसे आणि दागिने घरात ठेवूच नका. बँकेत ठेवा, नाहीतर तुमच्याकडे द्या, आणि हे तो घरात नसताना उरका. म्हणजे उशीखाली पाकीट ठेवायची वेळच येणार नाही. दुसरं, त्याची परीक्षा घेऊ नका. मुद्दाम शंभराची नोट टेबलावर ठेवून तो काय करतो ते बघणारी घरं असतात. पोरांना हे हमखास कळतं आणि ती नोट सापळा म्हणूनच लक्षात राहते. त्याऐवजी त्याला काम द्या आणि कामापुरते पैसे द्या: गॅसची टाकी आणणं, लाइट बिल भरणं, आजीची औषधं. पावती आणि सुटे पैसे घरातल्या सगळ्यांनीच एका डबीत ठेवायचे, त्याने एकट्याने नव्हे. सुरुवातीला दोनशे-तीनशेच्या आतली रक्कम ठेवा. महिनाभर नीट चाललं तर वाढवा.

घरात काही हरवलंच तर? इथेच बहुतेक घरं चुकतात. पहिला तासभर फक्त शोधायचं, कुणालाही विचारायचं नाही. मग घरातल्या प्रत्येकाला, आजीपासून धाकट्यापर्यंत, एकाच शब्दांत विचारायचं: 'अमुक वस्तू शेवटची कधी दिसली?' 'तू घेतलंस का?' हा प्रश्न कुणालाच नाही. वस्तू सापडली आणि मधल्या वेळात कुणी त्याच्याकडे बोट दाखवलं असेल, तर त्या माणसाने त्याच दिवशी, त्याच माणसांसमोर 'माझं चुकलं' म्हणायचं. घरातल्या मोठ्यांना हे फार जड जातं. तरी एकदा म्हणा, पुढचे सहा महिने सोपे जातील.

आणि खरंच त्याने घेतलं असेल तर पांघरूण घालू नका. रक्कम ठरवा, हप्ता ठरवा, शेवटची तारीख ठरवा. समजा सहाशे रुपये गेले, तर दर आठवड्याला शंभर, सहा आठवडे. सहाव्या आठवड्यानंतर तो विषय घरात पुन्हा काढायचा नाही, भांडणातही नाही. ऑस्ट्रेलियन गुन्हेशास्त्रज्ञ जॉन ब्रेथवेट यांनी 1989 मध्ये लाज देण्याच्या दोन तऱ्हा सांगितल्या आहेत. एकीत कृत्याला वाईट म्हटलं जातं आणि शेवटी माणसाला परत आत घेतलं जातं. दुसरीत माणसालाच वाईट ठरवून बाहेर ठेवलं जातं, आणि या दुसरीतून गुन्हे वाढतात. आपल्या घरांत पहिल्या तऱ्हेची सुरुवात होते, पण शेवटचा, परत आत घ्यायचा भाग राहून जातो. म्हणून शेवटची तारीख हवी.

आता कागद. बाल न्याय मंडळाच्या आदेशाची प्रत तुमच्याकडे आहे का बघा. नसेल तर मिळवा आणि घरात जपून ठेवा, मात्र त्याच्या झेरॉक्स वाटत फिरू नका. बाल न्याय कायदा 2015 मधली तीन कलमं तुमच्या उपयोगाची आहेत. कलम 24 सांगतं की मंडळापुढे दोषी ठरल्यामुळे मुलाला पुढे कुठलीही अपात्रता लागत नाही, आणि अपिलाची किंवा नियमांत ठरवलेली मुदत संपल्यावर त्याची नोंद नष्ट करायची असते. सोळा वर्षांवरच्या मुलाला प्रौढ म्हणून चालवलेल्या खटल्यात हे संरक्षण मिळत नाही, पण तुमच्या भाच्याची केस तशी नाही. कलम 74 प्रमाणे त्याचं नाव, फोटो, शाळा, पत्ता कुठेही छापायला किंवा पसरवायला बंदी आहे. शिक्षा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. गल्लीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर त्याचा फोटो 'सावधान' म्हणून फिरत असेल, तर ग्रुपच्या अॅडमिनला हे कलम शांतपणे दाखवा. बहुतेक वेळा तेवढ्याने फोटो निघतो. याच कलमात असंही आहे की चारित्र्य दाखल्यासाठी पोलिसांनी अशा मुलाची नोंद उघड करायची नाही. पुढे नोकरीला पोलीस व्हेरिफिकेशन लागलं तर हे लागेल. पोराला ही गोष्ट मुद्दाम सांगा, 'आता माझं कुठे काही होणार नाही' हे त्याने मनाशी धरलेलं असणार.

चोरी झाली की पोलीस त्याला उचलतात का, ते तुम्ही लिहिलं नाही. तसं होत असेल तर लक्षात ठेवा: अठराच्या आतल्या मुलाला लॉकअपमध्ये ठेवता येत नाही, ताब्यात घेतल्यास चोवीस तासांत मंडळापुढे हजर करावं लागतं, आणि प्रत्येक पोलीस ठाण्यात बालकल्याण पोलीस अधिकारी नेमलेला असायला हवा. ठाण्यात गेल्यावर पहिली मागणी त्याच अधिकाऱ्याला भेटायची करा. आवाज चढवायची गरज नाही. वकिलासाठी जिल्हा न्यायालयातल्या जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज द्या. मुलांना आणि महिलांना उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. फोनवर विचारायचं तर 15100.

शाळेबद्दल वाद घालण्यात आता महिने घालवू नका. दाखला हातात आहे का? असेल तर त्यावर 'वर्तणूक' नावाचा रकाना असतो, तो आधी वाचा. तिथे 'चांगली' किंवा 'समाधानकारक' असेल तर काही करायचं नाही. चोरीचा किंवा केसचा उल्लेख असेल तर तसा दाखला स्वीकारू नका. मुख्याध्यापकांना कलम 74 चा हवाला देऊन लेखी अर्ज द्या, पोच घ्या, आणि पंधरा दिवसांत दुरुस्ती झाली नाही तर जिल्हा परिषदेच्या माध्यमिक शिक्षणाधिकाऱ्यांकडे तोच अर्ज पोच जोडून द्या. दहावीसाठी 17 नंबरचा फॉर्म भरता येतो, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून परीक्षा. सोलापूर पुणे विभागीय मंडळात येतं. फॉर्म ऑनलाइन भरायचा असतो, त्याची मुदत मंडळ जाहीर करतं आणि नंतर विलंब शुल्क लागतं, म्हणून जुलैपासूनच विचारपूस सुरू करा. आयटीआयच्या काही ट्रेडना दहावी नापास मुलगाही चालतो, तेही विचारून ठेवा.

कामाची गोष्ट यापेक्षा महत्त्वाची आहे, कारण कट्टा संध्याकाळी भरतो. सहा ते दहा हे तास भरले तर अर्धं काम झालं. त्याला लगेच मागावर घालायचा मोह होईल, दाजींच्या ओळखीही तिथेच असतील. दोन अडचणी आहेत. बाप ज्या कारखान्यात आहे तिथेच ठेवलं तर बापाची लाज आणि पोराची चूक रोज समोरासमोर येतात. आणि रात्रपाळीत कामगार कमी, मालक घरी, अशा वेळी काही गेलं तर नाव कुणाचं येणार हे सांगायला नको. त्यापेक्षा जिथे काम डोळ्यांना दिसतं आणि कसब हाताला लागतं अशी जागा बघा: मोटर रिवायंडिंग, टू-व्हीलर गॅरेज, वेल्डिंग, एसी-फ्रिज दुरुस्ती. उस्तादाला चोरीची गोष्ट आधी तुम्हीच सांगा, त्याला बाहेरून कळू देऊ नका. बोलणं एवढंच: 'पंधराव्या वर्षी एका चोरीत सापडला होता, केस संपलीय, त्यानंतर काही नाही. गल्ल्याजवळ बसवू नका, हत्यारं मोजून द्या आणि मोजून घ्या, जसं बाकीच्या पोरांकडून घेता तसं.' दहातले सात नाही म्हणतील. जो हो म्हणेल तो पुढे शब्द फिरवत नाही, कारण त्याने ऐकून हो म्हटलेलं असतं.

त्याला भिवंडीला नाहीतर पुण्याला पाठवून द्या, असा सल्ला नातेवाईक देतील. ज्या घरी त्याला ताटावर हक्काने बोलावतील असं घर तिथे असेल तरच पाठवा. नुसत्या खोलीवर, चार पोरांत, ओळखीशिवाय पाठवलंत तर तिथलाही एखादा 'भाऊ' आठ दिवसांत भेटेल, आणि तिथे त्याला मावशी नसेल.

लेझीमसाठी थोडं कष्ट घ्या, ताई. आपल्याकडे गणपतीच्या मिरवणुकीतली लेझीम म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. हलगी घुमायला लागली की सगळ्या रांगांची पावलं एकदम पडतात, एकाचा पाय चुकला तर शेजारच्याचा चुकतो. पुढच्या रांगेतल्या पोराकडे बघून मागचे पाऊल टाकतात. त्याला काढलं तेव्हा नेमकं काय हिरावलं गेलं, हे त्यावरून समजा. मंडळाच्या बैठकीत विषय काढू नका. बैठकीत वीस जण असतात आणि एकाने 'नको' म्हटलं की बाकीचे गप्प बसतात. लेझीम शिकवणाऱ्याला सरावाच्या महिनाभर आधी एकट्याला गाठा. पुढच्या रांगेचा आग्रह धरू नका, मागच्या रांगेत घ्या म्हणा. सराव सुरू झाला की पाय कुणाचे नीट पडतात ते सगळ्यांना दिसतं, पुढचं पुढे. आणि एक पक्कं ठरवा: वर्गणी गोळा करायला त्याला कुणी पाठवायचं नाही. 'आता आमचा विश्वास बसला' हे दाखवायला मंडळं अशा पोराच्या हातात पावतीपुस्तक देतात. पन्नास रुपयांचा हिशोब चुकला की सगळं मूळपदावर येतं, मग चूक बेरजेची का असेना. मांडव, लाइट, प्रसाद, रांग. रोकड नाही.

त्याला स्टेजवर बोलावून हार घालणं, 'सुधारलेला मुलगा' म्हणून भाषणात नाव घेणं, हेही होऊ देऊ नका. तो चोरीचाच उल्लेख असतो, फक्त माइकवरून केलेला.

दुकानदाराचं राहिलं. ज्याच्या दुकानात चोरी झाली त्या माणसाचं नुकसान झालंय आणि त्याच्याकडे अजून कुणी गेलेलं नसेल. केस संपल्यामुळे आता जायला हरकत नाही, पण आधी पोराला विचारा. त्याची तयारी नसेल तर थांबा, ओढून नेलेली माफी दुकानदारालाही कळते. तयार झाला तर दुपारच्या वेळी, गिऱ्हाईक नसताना, तुम्ही आणि तो, दोघंच. त्याने तीन गोष्टी बोलायच्या: मी काय केलं, तुमचं त्यात काय गेलं, मी किती आणि कसं भरून देणार. 'त्या दोघांनी मला नेलं' हे वाक्य तिथे बोलायचं नाही, खरं असलं तरी. दुकानदार चिडला, नको नको ते बोलला तर ऐकून घ्यायचं आणि 'येतो' म्हणून निघायचं. व्हिडिओ काढायचा नाही.

कट्ट्यावर नेमकं काय चाललंय याचा अंदाज घ्यायला त्याचा मोबाईल चोरून तपासू नका, सापडलात तर तुमचं ऐकणंही बंद होईल. चार गोष्टींवर लक्ष ठेवा. दुसरा मोबाईल किंवा नवं सिम दिसणं. कुणाची बॅग किंवा पुडकं 'दोन दिवस ठेव' म्हणून घरी येणं. त्याच्या नावावर बँक खातं उघडून पासबुक आणि एटीएम कार्ड दुसऱ्याकडे असणं. सायबर फसवणुकीचे पैसे फिरवायला अशी खाती वापरतात आणि पोलीस खातेदाराच्या दारात येतात. आणि कमाई नसताना नवे बूट, नवी गाडी. तलवारीने केक कापण्याच्या वाढदिवसापेक्षा या चार गोष्टी जास्त धोक्याच्या आहेत, कारण वाढदिवस सगळ्यांना दिसतो आणि या दिसत नाहीत. खात्याचा प्रकार झालाच असेल तर त्याच दिवशी बँकेत जाऊन खातं गोठवायला लेखी अर्ज द्या, आणि 1930 या सायबर हेल्पलाइनला कळवा.

कोयत्याचा फोटो त्याने स्वतः काढून टाकायला हवा. अशा फोटोंवरून पोलीस गुन्हे दाखल करतात, हे त्याला सांगा. एक गोष्ट त्याला बहुधा कुणी सांगितलेली नसेल: पंधराव्या वर्षी त्याला जी सवलत मिळाली ती आता तशी राहिलेली नाही. सोळा पूर्ण झाल्यावर, कमीत कमी सात वर्षांची शिक्षा असलेला गुन्हा घडला, तर बाल न्याय मंडळ तपासणी करून त्याचा खटला प्रौढाप्रमाणे चालवायला पाठवू शकतं. मारामारीत कोयता चालला आणि कुणी मेलं, तर वार कुणाचा होता हे ठरेपर्यंत तिथे हजर असलेल्या सगळ्यांची नावं कागदावर येतात. 'भाऊ' पोरांना पुढे का करतो, तेही बोला. लहान वयाचा आरोपी लवकर सुटेल असा त्याचा हिशोब असतो. मुलांना गुन्ह्यासाठी वापरणाऱ्या प्रौढाला बाल न्याय कायद्याच्याच कलम 83 खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाखांचा दंड आहे. हे वाक्य कट्ट्यावर जाऊन कुणी बोलायचं नाही, दाजींनी तर अजिबात नाही. धमकी आली किंवा त्याला जबरदस्तीने कुठे नेलं तर 112, आणि मुलासाठी मदत हवी असेल तर 1098. दोन्ही चोवीस तास चालू असतात.

कट्टा एका दिवसात सोडायला लावू नका. एकदम सोडला तर 'भाऊ' विचारायला येतो. कामाची वेळ, क्लासची वेळ, आजीला दवाखान्यात न्यायचंय, अशी साधी खरी कारणं त्याला हाताशी द्या. सातातले पाच दिवस बसायचा तो तीन दिवस, मग एक. समोर दिसल्यावर नमस्कार चालू ठेवायचा. तिथल्या पोरांना घरात शिव्या देऊ नका, गेले सहा महिने तीच त्याची माणसं होती.

मनाची एक गोष्ट. रागावलेल्या पोराकडे सगळ्यांचं लक्ष जातं, गप्प झालेल्याकडे नाही. झोप उडाली, जेवण तुटलं, 'मी मेलो तरी काय फरक पडतो' असं काही बोलला, तर टाळू नका. 'जिवाचं काही बरंवाईट करावं असं मनात येतं का?' असं सरळ विचारा. विचारल्याने ते डोक्यात शिरत नाही, उलट बोलायला वाट मिळते. हो म्हणाला तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार विभागात न्या. टेली मानस 14416 वर फोनवरही मराठीत बोलता येतं, पैसे लागत नाहीत.

गल्लीतल्या बायका नळावर, विडीचा माल द्यायला जाताना काही ना काही बोलणारच. तुमच्या बहिणीने भांडायचं नाही, रडायचंही नाही. ठरलेलं एक उत्तर: 'चूक केली होती, भरपाई केली, आता गॅरेजला जातो.' दरवेळी हेच, एक शब्द कमी-जास्त नाही. आठ-दहा वेळा तेच ऐकल्यावर विचारणाऱ्यांचा रस संपतो.

क्रम असा ठेवा. या आठवड्यात पाकीट आणि दागिने, दाजींशी बोलणं. पुढच्या आठवड्यात आदेशाची प्रत आणि दाखला. त्यानंतर उस्तादाचा शोध. दुकानदार सगळ्यात शेवटी, हातात पहिला पगार आल्यावर, कारण हप्त्याचं बोलायचं तर खिशात स्वतःचे पैसे हवेत. यात तीन-चार महिने जातील, आणि मध्ये एखाद्या रात्री तो पुन्हा कट्ट्यावर दिसेल. त्या रात्री जेवायला थांबा आणि ताट वाढा. कुठे होतास ते सकाळी विचारा.